ब्राउझर डझनभर, पण इंजिने तीनच: खुल्या वेबची मानके कोण ठरवते?

पारसिक

आपल्या ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात वेबवर पोट असलेली माणसे खूप आहेत. ऐरोली, महापे, रबाळे येथील कंपन्यांत संकेतस्थळांची चाचणी करणारे आहेत, वागळे इस्टेटमध्ये दोन-चार जणांच्या बळावर गिऱ्हाइकांची संकेतस्थळे उभी करणारे आहेत, आणि गृहनिर्माण संस्था, वाचनालये, शाळा यांची पाने हौसेने सांभाळणारेही आहेत. हे सगळे ज्या पायावर उभे आहे त्याविषयी मात्र आपल्यात फारशी चर्चा होत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट ही नावे निरनिराळी असली, तरी पान वाचून ते पडद्यावर उमटवणारे इंजिन या सर्वांत एकच आहे, आणि ते म्हणजे गूगलच्या पुढाकाराने चालणारे ब्लिंक. त्याखेरीज ॲपलचे (सफारीतले) वेबकिट आणि मोझिलाचे (फायरफॉक्समधले) गेको ही दोनच इंजिने आज सर्वसामान्यांच्या रोजच्या वापरात टिकून आहेत. त्यांतही वेबकिटचा उगम केडीई या मुक्त प्रकल्पातील स्वयंसेवकांनी लिहिलेल्या केएचटीएमएलमध्ये आहे आणि ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटपासूनच फुटून निघाले, म्हणजे तिघांपैकी दोघे एकाच घराण्यातले. ऑपेराने त्याच वर्षी स्वतःचे प्रेस्टो हे इंजिन सोडून दिले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये एजचे स्वतःचे इंजिन गुंडाळून क्रोमियम या क्रोमच्या मुळाशी असलेल्या, ब्लिंकवर चालणाऱ्या खुल्या प्रकल्पाचा आधार घेत असल्याचे जाहीर केले. पैशाला आणि मनुष्यबळाला तोटा नसलेल्या कंपनीलासुद्धा स्वतंत्र इंजिन चालवत राहावेसे वाटले नाही, ही घटना मला कोणत्याही टक्केवारीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

इंजिने किती आहेत याने सामान्य माणसाला काय फरक पडतो, हा प्रश्न रास्त आहे. मानक म्हणजे शेवटी कागदावरचा मजकूर. तो पुरेसा नेमका आहे की नाही हे तेव्हाच कळते, जेव्हा दोन स्वतंत्र गट त्या मजकुरावरून आपापले इंजिन लिहितात आणि दोन्हींत तेच पान तसेच चालते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही मानके ठरवणारी संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. एखादा मसुदा अंतिम शिफारशीपर्यंत नेताना तो प्रत्यक्षात उतरवता येतो हे स्वतंत्र अंमलबजावण्यांतून दाखवून द्यावे, अशी अपेक्षा तिच्या प्रक्रियेत आहे.

या अपेक्षेचे मोल वेब एसक्यूएलच्या प्रकरणात दिसते. ब्राउझरच्या आत माहिती साठवण्याची ती एक सोय होती. क्रोम, सफारी आणि ऑपेरा यांनी ती दिली, पण तिघांनीही आत एसक्यूलाइट हे एकच तयार सॉफ्टवेअर बसवले होते. मोझिला आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती स्वीकारली नाही. मोझिलाचा आक्षेप असा होता की, एसक्यूलाइट जसे वागेल तसेच वागावे एवढेच ज्यात सांगता येते, ते मानक नव्हे, ते एका उत्पादनाचे वर्णन झाले. विशेष म्हणजे फायरफॉक्स स्वतः आतल्या कामांसाठी एसक्यूलाइटच वापरत होता. त्या सॉफ्टवेअरविषयी मोझिलाची तक्रार नव्हती, ते सार्वजनिक मानकाच्या जागी बसवण्याला तिचा विरोध होता. स्वतंत्र अंमलबजावण्या नाहीत या कारणाने २०१० मध्ये त्या मसुद्याचे काम थांबवण्यात आले, आणि पुढे इंडेक्स्ड-डीबी हा वेगळा मार्ग रूढ झाला. त्या वेळी नकार देणाऱ्या दोघांपैकी एक, मायक्रोसॉफ्ट, आता क्रोमियमवरच उभी आहे. आज असा मसुदा आला तर नकार कोण देणार, ही माझी खरी काळजी आहे.

क्रोमियमचा कोड तर खुला आहे, मग मक्तेदारी कसली, असे नेहमी विचारले जाते. कोड खुला असणे आणि निर्णय खुला असणे या निराळ्या गोष्टी आहेत. एक्सटेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या पूरक प्रोग्रामांची, मॅनिफेस्ट व्ही-३ ही नवी पद्धत गूगलने आणली, तेव्हा जाहिराती रोखणाऱ्या एक्सटेन्शन्सचे सर्वांत प्रभावी हत्यार तिने काढून घेतले. यूब्लॉक ओरिजिन हे त्यांतले एक नावाजलेले एक्सटेन्शन त्याच्या पूर्ण रूपात क्रोमवर चालेनासे झाले. क्रोमियमवर बसलेल्या इतर ब्राउझरांपुढे मग दोनच वाटा उरतात: बदल मुकाट्याने घ्यायचा, किंवा जुना भाग स्वतःच्या खर्चाने, प्रत्येक नव्या आवृत्तीगणिक जिवंत ठेवत राहायचे. जाहिरातींवर जगणारी कंपनीच सर्वांत मोठा ब्राउझर बनवते, तेव्हा तिचा हेतू चांगला आहे की वाईट या वादात मला पडायचे नाही. हितसंबंध उघड आहे, आणि तेवढे कारण मला पुरेसे आहे.

पैशाची बाजूही पाहावी. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग फायरफॉक्समध्ये गूगलचा शोध मूळ पर्याय म्हणून ठेवण्याच्या करारातून येतो. सफारीत तीच जागा मिळवण्यासाठी गूगलने ॲपलला एकट्या २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकी न्यायालयातील कागदपत्रांतून उघड झाले. उरलेली दोन्ही इंजिने तिसऱ्याच्या मालकाकडून पैसे घेतात, या पायावरची विविधता किती दिवस टिकेल?

आपले मत अवश्य मांडा. विरोधी मत असेल तर ते अधिक हवे आहे.

उपवन

पारसिक, तुम्ही विरोधी मत मागितले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. वागळे इस्टेटमध्ये आमचा लहानसा व्यवसाय आहे आणि आमचे गिऱ्हाईक म्हणजे दवाखाने, केटरर, क्लासवाले आणि सोसायट्या. संकेतस्थळासाठी त्यांनी ठरवलेली रक्कम आधीच तुटपुंजी असते. इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळात एकच पान दोनदा लिहावे लागे, एकदा मानकाप्रमाणे आणि एकदा त्या ब्राउझरच्या चुका सांभाळून, आणि दुसऱ्या खेपेचे पैसे कोणीही देत नसे. आज बहुतेक गिऱ्हाइकांकडे क्रोम आहे, एकदा लिहिले की बहुतेकांकडे नीट चालते. ज्याला तुम्ही धोका म्हणता, त्यानेच आमच्यासारख्यांना श्वास घ्यायला जागा दिली आहे.

दुसरे असे की गूगलने दिलेलेही मोजले पाहिजे. देवनागरीचे दर्जेदार फॉन्ट फुकट मिळतात, पाने वेगाने चालतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात.

आणि तुमच्या विविधतेत ॲपलला कोणत्या बाजूला धरायचे तेही सांगा. आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स घेतला तरी आत वेबकिटच असते, कारण ॲपलचा तसा नियम आहे. संकेतस्थळावरून सूचना पाठवण्याची सोय अँड्रॉइडवर कित्येक वर्षे होती. आयफोनवर ती मार्च २०२३ मध्ये, आयओएस १६.४ बरोबर आली, आणि तीही पान होम स्क्रीनवर जोडले असेल तरच. तोवर सूचना हव्या असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळे ॲप करून घ्यावे लागत होते. एका कंपनीने दुसरीला रोखून धरले म्हणून त्याला विविधता म्हणायचे का?

ग्रंथसखी

मी ठाण्यातील एका वाचनालयाच्या कामात स्वेच्छेने मदत करते. तांत्रिक बाजू मला सगळी कळते असे नाही, पण मराठीच्या बाबतीत हे सर्व आपण एकदा भोगून झालो आहोत, ते सांगावेसे वाटते.

आमच्याकडे २००० च्या आसपासची काही मराठी वृत्तपत्रांची पाने जतन करून ठेवलेली आहेत. ती आज उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची निरर्थक माळ दिसते. कारण त्या फायलींत मराठी अक्षरे नाहीतच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेला एखादा खास फॉन्ट संगणकावर असेल तरच ते मराठी दिसे. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा असे, आणि ज्या क्रमांकावर एका फॉन्टात एक अक्षर, त्याच क्रमांकावर दुसऱ्यात भलतेच. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यावा लागू नये म्हणून पानाबरोबर तो आपोआप पाठवण्याची युक्ती निघाली, तर तिचेही दोन प्रकार झाले: इंटरनेट एक्सप्लोररसाठी मायक्रोसॉफ्टचा ईओटी आणि नेटस्केप या त्या काळच्या ब्राउझरसाठी बिटस्ट्रीमचा पीएफआर. बाजार एक्सप्लोररने जिंकला, आणि मग पुष्कळ संकेतस्थळांनी दुसऱ्या प्रकाराची फिकीर करणे सोडून दिले. फायरफॉक्ससाठी पद्मा नावाचे एक एक्सटेन्शन होते, ते अशा पानांचे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकात, रूपांतर करून दाखवी. ते करणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. मानक नव्हते म्हणून हे घडले असे नाही. जो ब्राउझर सर्वांकडे आहे त्यात आपले पान दिसते, तर मानकाकडे कशाला पाहायचे, या विचाराने घडले. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ज्या शहरात चालू आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वीचे छापील पुस्तक आजही उघडून वाचता येते, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे संकेतस्थळावरचे पान वाचता येत नाही, शोधता येत नाही, दृष्टिहीन वाचकाला ऐकवता येत नाही. उपवन, तुम्ही म्हणता तो मोकळा श्वास त्या काळच्या मंडळींनाही मिळाला होता. त्याची किंमत आज आम्ही चुकवतो आहोत.

पारसिक

ग्रंथसखीताई, तुमच्या उदाहरणाने माझे अर्धे काम केले. त्यात एक भर घालतो. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा २००१ मध्ये आला आणि पुढची आवृत्ती २००६ मध्ये. बाजाराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हाती आल्यावर मायक्रोसॉफ्टला ब्राउझर सुधारण्याची घाई उरली नव्हती. ती घाई पुन्हा निर्माण केली ती २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्सने, जो नेटस्केपने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या कोडमधून घडला.

उपवन, तुमचा खर्चाचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. दोनदा लिहिण्याचा जाच ज्याने सोसला आहे त्याला विविधतेचे गोडवे ऐकवण्यात अर्थ नाही. पण तो जाच इंजिने अनेक असल्यामुळे नव्हता, एक इंजिन मानकाप्रमाणे वागत नसल्यामुळे होता. अलीकडे या दुखण्यावर चांगला उपाय सापडला आहे. वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स हा चाचण्यांचा प्रचंड खुला संच आहे, तो सगळ्या इंजिनांवर चालवला जातो आणि निकाल सर्वांना पाहता येतात. त्याच्याच आधारे २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि इगालिया व बोकूप या सल्लागार कंपन्यांनी दरवर्षी इंटरॉप या नावाने ठरावीक वैशिष्ट्ये निवडून ती सर्व इंजिनांत सारखी चालवण्याचे काम हाती घेतले आहे. चाचणी हे माझे रोजचे काम असल्याने सांगतो, पूर्वी ज्या फरकांमागे आमचा दिवस जाई, त्यांतले पुष्कळसे आता येतच नाहीत.

शिवाय विविधतेने जे दिले ते क्रोमच्याही वापरकर्त्यांना मिळाले आहे. ब्राउझरमध्ये वेगवान कोड चालवण्यासाठी गूगलने नेटिव्ह क्लायंट आणले होते. मोझिलाने ते न घेता २०१३ मध्ये एएसएम-जेएस नावाचा वेगळा मार्ग दाखवला, जो ब्राउझरच्या जुन्या जावास्क्रिप्ट या भाषेतच बसत होता आणि कोणत्याही ब्राउझरमध्ये चालत होता. या ओढाताणीतून सर्वांना मान्य असे वेबअसेम्ब्ली निघाले आणि २०१७ मध्ये चारही प्रमुख ब्राउझरांत आले. पुढे गूगलने स्वतःच नेटिव्ह क्लायंट बंद केले. मोझिला त्या वेळी नसती, किंवा क्रोमियमवर बसलेली असती, तर आज आपण सगळे एका कंपनीच्या नेटिव्ह क्लायंटवर अवलंबून असतो. सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडणी करण्याची सोय, घ्या: मूळ कल्पना मायक्रोसॉफ्टची, ब्लिंक आणि वेबकिटमध्ये ती उतरवली इगालियाने, तेही ब्लूमबर्गच्या पैशावर, आणि मार्च २०१७ मध्ये ती फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी यांत एकाच महिन्यात आली. तुम्ही रोज वापरता ती सोय आहे ही.

ॲपलबाबत तुमचे म्हणणे मला पटते. दुसऱ्या इंजिनाला दारात उभेच करायचे नाही, हा नियम वेबकिटला वाचवतो, पण वेबला जखडतो. तो नियम उठावा आणि वेबकिट तरीही टिकावे, असे मला वाटते. या दोन्ही गोष्टी एकदम होणे कठीण आहे हेही मला दिसते. आयफोनवर उद्या ब्लिंक आले, तर क्रोमची जाहिरात करण्याची गूगलची ताकद पाहता वेबकिटचा वाटा किती उरेल याची मला शाश्वती नाही.

बेलापूर_कायदा

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण हा प्रश्न केवळ अभियंत्यांच्या सद्बुद्धीवर सोडता येणार नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशात ब्राउझरचा स्पष्ट विचार आहे: प्ले स्टोअर हवे असेल तर क्रोमही आधीच बसवून घ्या, ही अट घालून एका बाजारातील ताकद दुसऱ्या बाजारात वापरली, असा निष्कर्ष आयोगाने काढला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथील आयफोनवर अन्य इंजिनांना परवानगी द्यावी लागली आणि ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवावा लागला. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा त्याच महिन्यात जाहीर झाला.

अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाययोजना ठरवताना त्यांनी क्रोम विकायला लावले नाही. अनन्य करारांना मनाई केली, पण मूळ पर्यायासाठी पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही. पारसिक यांनी मोझिलाच्या उत्पन्नाचा उल्लेख केला आहे, त्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. ते पैसे पूर्ण थांबले असते तर सर्वांत आधी फायरफॉक्स अडचणीत आला असता, ही बाजू मोझिलाने न्यायालयात मांडली होती. मक्तेदाराला दिलेली शिक्षा त्याच्या दुबळ्या स्पर्धकाला आधी लागते, असा हा विचित्र गुंता आहे आणि केवळ दंड वाढवून तो सुटणार नाही.

घणसोली_शिक्षिका

चर्चा चांगली चालली आहे, पण मला थोडे मागे जाऊन विचारावेसे वाटते. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी एकच स्मार्टफोन आहे आणि तोही स्वस्तातला अँड्रॉइड. त्या घरात ब्राउझर उघडलाच जात नाही. शाळेची सूचना व्हॉट्सॲपवर येते, अभ्यास यूट्यूबवर होतो, रेशन आणि दाखल्यांची माहिती कोणीतरी पुढे पाठवलेल्या चित्रात असते. आमच्या शाळेचेसुद्धा संकेतस्थळ होते, ते कोणी पाहत नाही म्हणून चालवणे सोडून दिले. तुमची तीन इंजिने टिकली तरी त्यात दाखवायला मराठी पाने उरणार आहेत का?

माझ्या दृष्टीने कंपन्यांचे वर्चस्व तिथे अधिक आहे. २०१५ मध्ये फेसबुकने फ्री बेसिक्स ही ठरावीक संकेतस्थळेच फुकट देणारी सेवा आणली, तेव्हा गरिबांना फुकट इंटरनेट असा प्रचार झाला. दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी घातली आणि ते थांबले. पण जे कायद्याने अडवले, ते सवयीने झालेच. मुलांच्या लेखी इंटरनेट म्हणजे चार चौकोनी चिन्हे.

पारसिक

बाई, तुम्ही सर्वांत अवघड प्रश्न विचारला आहे. इंजिनांची विविधता आणि पानांची विविधता एकमेकींवर अवलंबून आहेत. लोक ॲपमध्ये गेले की ब्राउझर सुधारण्यात कोणालाही रस उरत नाही, आणि ब्राउझर मागे पडला की लोक ॲपमध्ये जातात. उपवन यांनी सांगितलेले सूचनांचे उदाहरण नेमके हेच दाखवते.

दुसऱ्याच्या अंगणात जमवलेले लेखन किती टिकते याचे दाखलेही आपल्यापुढे आहेत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. त्या गटांत मराठी माणसांनी पाककृतींपासून प्रवासवर्णनांपर्यंत जे लिहून ठेवले होते, त्यातले पुष्कळसे आता सापडत नाही. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला तेव्हा तो ज्यावर चालत असे ती आरएसएस, म्हणजे संकेतस्थळावरचे नवे लेखन आपोआप वाचकाकडे पोचवण्याची पद्धत, मेली असे म्हटले गेले, पण ती कोणाच्या मालकीची नसल्यामुळे मरू शकली नाही. आजही पॉडकास्ट तिच्यावरच चालतात. माझा खुल्या मानकांवरचा विश्वास इथून येतो: सेवा बंद पडली तरी मानक उरते, आणि दुसरा कोणीतरी त्यावर नवी सेवा उभारू शकतो.

शाळेचे संकेतस्थळ पुन्हा सुरू करण्याचा विचार अवश्य करावा. सूचना व्हॉट्सॲपवर पाठवायलाही हरकत नाही, मात्र मूळ मजकूर शाळेच्या पानावर असावा आणि गटात त्याचा दुवा जावा. मजकूर चित्रात नसून अक्षरांत असेल, तर पुढच्या वर्षीचा पालकही तो शोधून काढू शकेल.

ऐरोलीकर

एक लहानशी भर. आपल्याच परिसरात, ऐरोलीपासून महापे आणि पुढे पनवेलपर्यंत, देशातील काही सर्वांत मोठी विदा केंद्रे (डेटा सेंटर) उभी आहेत, आणि मी त्यांपैकी एका ठिकाणी काम करतो. संगणक इथे आहेत, वीज इथली आहे, माणसे इथली आहेत, पण पान कसे दिसावे आणि काय चालावे याचा निर्णय या इमारतींत होत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा घेतली, मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिले पारितोषिक म्हणून १ कोटी रुपये मिळाले. त्यांचा उला हा ब्राउझरही क्रोमियमवरच बांधलेला आहे. प्रयत्नाचे कौतुक आहेच, पण स्वदेशी ब्राउझर आणि स्वतंत्र इंजिन यांत किती अंतर आहे तेही यातून कळते. नवे इंजिन मुळापासून लिहिण्याचे धाडस सध्या लेडीबर्ड हा ना-नफा प्रकल्प करतो आहे, आणि मोझिलाने सुरू केलेला सर्वो आता लिनक्स फाउंडेशन युरोपच्या छत्राखाली चालू आहे. दोन्हीकडे भारतातून हातभार लावता येतो, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

ग्रंथसखी

हातभार नेमका कसा लावायचा? आम्ही काही इंजिन लिहू शकत नाही.

पारसिक

ताई, मराठी वाचता येणाऱ्या माणसाची त्यांना खरी गरज आहे. एक उदाहरण देतो. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करून दाखवण्याची सोय सीएसएसमध्ये फार जुनी आहे. ‘स्त्री’ या शब्दाला ती लावली तर ‘स्त्री’ हे संपूर्ण अक्षर मोठे झाले पाहिजे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण युनिकोडच्या नियमांनुसार हलन्तानंतर तुकडा पडत असे आणि पहिले अक्षर म्हणून नुसता ‘स्’ वेगळा निघे. देवनागरी जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम युनिकोडमध्ये आला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. म्हणजे देवनागरी मानकात आल्यानंतर ३० वर्षांहून अधिक काळाने. तसेच ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून आणि एकदा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखे, पण ज्या शोधयंत्रणेने याचा विचार केलेला नाही तिथे एक सापडतो आणि दुसरा निसटतो. हिंदीत हा अर्धा र लागत नाही, त्यामुळे ही तक्रार आपणच करायला हवी.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या आंतरराष्ट्रीयीकरण गटाने देवनागरीच्या बाबतीत ब्राउझर कुठे कमी पडतात याची खुली टिपणे ठेवली आहेत. तिथे, तसेच प्रत्येक इंजिनाच्या तक्रार नोंदवहीत, कोणीही नोंद करू शकतो. एकाने ती तक्रार दुरुस्त केली की दुसऱ्याला तसे करा असे सांगता येते. इंजिन एकच उरले, तर त्याच्या मालकाने ‘प्राधान्य नाही’ म्हणून नोंद मिटवली की विषय संपला.

उपवन

हे उदाहरण पटले. ‘स्’ तुटण्याचा प्रकार मी गिऱ्हाइकाच्या पानावर पाहिला होता आणि फॉन्टचा दोष समजून फॉन्ट बदलला होता.

तरी खर्चाचा प्रश्न माझ्यापुरता अजून सुटलेला नाही. इंटरॉपमुळे लिहिण्याचे काम कमी झाले, हे मान्य, पण तपासण्याचे काम उरतेच, आणि गिऱ्हाईक ते मागत नाही. मागितले तर मी करीन. मागणारा हवा.

ग्रंथसखी

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची नव्याने ऑनलाइन करायची आहे आणि पुढच्या बैठकीत कार्यादेशाचा मसुदा ठेवायचा आहे. आधीच्या सूचीत फायरफॉक्सवरून गेले की ‘कृपया क्रोम वापरा’ अशी पाटी येई आणि पुढे जाताच येत नसे. आमच्या एका सभासदाच्या मुलाने ब्राउझरची ओळख, म्हणजे तो संकेतस्थळाला आपले जे नाव कळवतो ते, बदलून पाहिली, तर सगळे व्यवस्थित चालत होते. अडथळा फक्त त्या पाटीचा होता. आता आम्ही मागायचे ठरवले आहे, तर नेमके काय लिहावे?

पारसिक

ताई, ही ओळख पाहून अडवण्याची खोड फार जुनी आहे. नव्वदच्या दशकात काही संकेतस्थळे चांगली पाने फक्त नेटस्केपला, म्हणजे ‘मोझिला’ अशी ओळख देणाऱ्या ब्राउझरला, देत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनेही स्वतःला मोझिला म्हणवून घ्यायला सुरुवात केली, आणि आजही झाडून सगळे ब्राउझर आपली ओळख मोझिला याच शब्दाने सुरू करतात. विवाल्डीने २०१९ मध्ये वैतागून बहुतेक संकेतस्थळांपुढे स्वतःला क्रोम म्हणवून घेणे पत्करले. विवाल्डी वापरणारे त्यामुळे मोजणीत क्रोमचे म्हणून धरले जातात, आणि मग ‘सगळे क्रोमच वापरतात’ हे म्हणणे आणखी बळकट होते.

कार्यादेशात असे लिहावे: ‘संकेतस्थळ क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स यांच्या चालू आवृत्त्यांमध्ये मोबाइलवर व संगणकावर तपासून द्यावे. वापरकर्त्याच्या ब्राउझरची ओळख पाहून त्याला प्रवेश नाकारू नये. सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा, प्रतिमेत नसावा. डोमेन वाचनालयाच्या नावावर नोंदवलेले असावे. नव्या पुस्तकांची यादी आरएसएसद्वारेही उपलब्ध असावी. संपूर्ण ग्रंथसूची सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये केव्हाही उतरवून घेता यावी.’ शेवटचे वाक्य मसुद्यातून गळू देऊ नका, कारण पुढे ठेकेदार बदलला तर तेच कामाला येईल.

उपवन

सफारीच्या बाबतीत ‘प्रत्यक्ष आयफोनवर तपासून’ असे घाला. संगणकावर खिडकी बारीक करून पाहिले की मोबाइलची चाचणी झाली असे पुष्कळ जण समजतात, आणि तारीख निवडण्याचा रकाना व कळफलक वर आल्यावर झाकले जाणारे बटण हे दोष तिथे दिसतच नाहीत. शोधाच्या चौकटीत ‘वाऱ्यावर’ दोन्ही तऱ्हांनी टंकून पाहण्याची अटही जोडा. ठाण्यातल्या कोणत्याही लहान व्यावसायिकाला एवढे जमेल, दर सांगताना मात्र तपासणीचा स्वतंत्र रकाना ठेवायला सांगा, म्हणजे कमी दराच्या नादात कोणी तो भाग गाळणार नाही.

ग्रंथसखी

दोघांच्याही सूचना मसुद्यात घेते. बैठकीनंतर अंतिम मजकूर इथेच टाकीन, म्हणजे सोसायट्यांना आणि बाईंच्या शाळेलाही तो जसाच्या तसा वापरता येईल.